चालायला शिकवणारं यंत्र आणि घरातली बाई

उन्हाळा लागला की आमच्या खर्ड्याच्या शिवारात विहिरींची कामं निघतात. यारी उभी राहते, सुरुंग उडतात, माणसं दोराला धरून खाली उतरतात. आणि दरवर्षी कुठून ना कुठून बातमी येते, ‘अमका पडला.’ कुणी विहिरीत पडतं, कुणी चिंचा झोडपताना झाडावरून, कुणी पत्रे बदलताना घरावरून, कुणी उसाच्या ट्रॉलीवरून. मोटारसायकलींचं तर विचारूच नका. हातपाय मोडला तर प्लॅस्टर होतं, दोन-तीन महिन्यांत माणूस कामाला लागतो. पण पाठीच्या मणक्याला मार बसला आणि आतली दोरी दुखावली, तर कमरेखालचं अंग एका क्षणात परकं होऊन जातं.

बचत गटाच्या आणि दिव्यांगांच्या दाखल्यांच्या कामानिमित्त मला अशा घरांत जावं लागतं. तिथं हल्ली एक प्रश्न हमखास येतो. मोबाईलवर कुणीतरी व्हिडिओ पाठवलेला असतो. पायांना यंत्र बांधलेला माणूस कुबड्या टेकत चालतोय, बाजूचे लोक टाळ्या वाजवतायत. “ताई, हे मशीन खरं आहे का? आपल्याकडं मिळतं का? एक एकर विकलं तर येईल का?” विचारणारी बहुतेक वेळा आई असते, नाहीतर बायको. मैत्रिणींनो, या प्रश्नाला ‘देवावर भरवसा ठेवा’ असं उत्तर देऊन चालत नाही. यंत्र खरं आहे. पण ते कुणासाठी, किती कामाचं आणि केवढ्याला, हे आपल्याला कळलं पाहिजे. जमीन आपली जाणार असते.

आधी मणक्याचं थोडं समजून घेऊ. आपल्या पाठीच्या कण्यातून मेंदूपासून खाली एक दोरी गेलेली असते, तिला मज्जारज्जू म्हणतात. मेंदूचा निरोप पायाला आणि पायाचा निरोप मेंदूला तिच्यातूनच जातो. मानेत दुखापत झाली तर हात-पाय दोन्ही जातात. पाठीत किंवा कमरेत झाली तर हात शाबूत राहतात, पाय जातात. आणि पायांबरोबर आणखी दोन गोष्टी जातात, ज्यांच्याबद्दल कुणी चारचौघांत बोलत नाही. लघवी आणि शौचावरचा ताबा. या माणसांशी मोकळेपणानं बोललं की कळतं, ‘चालता आलं नाही तरी चालेल, पण हे एवढं आपल्या ताब्यात यावं’ असं म्हणणारे त्यांच्यात पुष्कळ असतात.

दुसरी गोष्ट. दोरी पूर्ण निकामी झाली आहे की तिचे काही धागे शाबूत आहेत, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. डॉक्टर टाचणीनं, कापसानं तपासून ए पासून ई पर्यंत श्रेणी देतात. ए म्हणजे दुखापतीच्या खाली अगदी शेवटपर्यंत संवेदनाही नाही आणि हालचालही नाही. बी, सी, डी म्हणजे कमी-जास्त काही शिल्लक आहे. ज्यांचं काही शिल्लक आहे, त्यांच्यात सुधारणा होण्याची शक्यता जास्त असते, आणि ती मुख्यतः पहिल्या काही महिन्यांत, फार तर वर्षभरात दिसते. दवाखान्याच्या कागदावर ही श्रेणी असायला हवी. नसेल तर विचारून लिहून घ्यावी. घरच्यांना स्क्रूचा खर्च पैशापर्यंत पाठ असतो, पण ही एवढी अक्षरं माहीत नसतात.

आमच्या तालुक्यात आणखी एक गैरसमज आहे. जामखेडला आरोळे दांपत्याच्या आरोग्य प्रकल्पात जयपूर फूट बनवून मिळतात, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे लोक विचारतात, “मग याला पण एक बसवून मिळेल ना?” नाही. जयपूर फूट हा कापलेल्या पायाच्या जागी बसवायचा पाय. मणक्याच्या माणसाचा पाय जागेवरच असतो. त्याच्यापर्यंत निरोप पोचत नाही, ही अडचण असते. तिथं लाकडा-रबराचा पाय काही करू शकत नाही.

मग यंत्र काय करतं? ढोबळमानानं त्याचे दोन प्रकार आहेत. पहिला प्रकार दवाखान्यात ठेवायचा. स्वित्झर्लंडमध्ये तयार झालेलं लोकोमॅट हे त्यातलं सगळ्यात नावाजलेलं. खाली चालता पट्टा असतो, वर खुंटीला टांगल्यासारखं माणसाला पट्ट्यांनी बांधून त्याचं थोडं वजन उचलून धरतात, आणि कंबर-गुडघ्यापाशी मोटारी लावलेली चौकट त्याचे पाय चालल्यासारखे हलवते. एका बैठकीत शेकडो पावलं होतात. यामागचं शास्त्र असं की पावलं टाकण्याची लय काही अंशी मज्जारज्जूतच असते. थोडे धागे शिल्लक असतील तर पुन्हा पुन्हा तोच सराव करून वाट रुळवता येते. गवतातून रोज ये-जा केली की पायवाट पडते, तसं काहीसं.

दुसरा प्रकार अंगावर चढवायचा. पाठीला बॅटरी, दोन्ही पायांना बाहेरून लोखंडी हाडांसारखी चौकट, सांध्यांत मोटारी. माणूस कुबड्या टेकून पुढं झुकला की यंत्राला कळतं आणि ते एक पाऊल टाकतं. रीवॉक नावाचं असं यंत्र इस्रायलच्या अमित गॉफर या इंजिनिअरनं बनवलं. १९९७ मधल्या अपघातात त्यांचेच हात-पाय गेले होते. गंमत म्हणा की दैव म्हणा, त्यांना स्वतःला ते वापरता आलं नाही. कारण कुबड्या टेकायला हातात बळ लागतं आणि त्यांची दुखापत मानेतली होती. जून २०१४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं रीवॉकला घरी वापरायची परवानगी दिली. त्याच महिन्यात ब्राझीलमध्ये फुटबॉलच्या विश्वचषकाच्या उद्घाटनाला कमरेखाली लुळ्या पडलेल्या एका तरुणानं असंच, पण मेंदूच्या लहरींवर चालणारं दुसरं यंत्र घालून चेंडूला पाय लावला. आपल्या मोबाईलवरचे व्हिडिओ साधारण तिथपासूनचे.

आता किंमत. अमेरिकेत वृद्धांसाठी आणि अपंगांसाठी मेडिकेअर नावाची सरकारी विमा योजना आहे. तिनं २०२४ मध्ये या यंत्राचा खर्च द्यायचं मान्य केलं, तेव्हा रक्कम ठरली सुमारे ९१ हजार डॉलर. आपल्या रुपयांत साधारण पाऊण कोटी. एका एकरानं काय होतंय, आमच्याकडच्या कोरडवाहूनं तर गावकीची जमीन विकली तरी पुरायचं नाही. आणि यंत्र आलं तरी ते नांगरासारखं गावच्या लोहाराकडं शेवटून आणता येत नाही. २०२४ मध्येच अमेरिकेतल्या एका माजी घोडेस्वाराची बातमी आली होती. दहा वर्षं वापरलेल्या यंत्राच्या मनगटावरच्या घड्याळाची बॅटरीजवळची बारीकशी तार तुटली. यंत्र पाच वर्षांपेक्षा जुनं आहे, दुरुस्त करणार नाही, असं कंपनीनं कळवलं आणि तो पुन्हा खुर्चीवर आला. बोभाटा झाला तेव्हा कुठं दुरुस्ती झाली. तिथं ही गत, तर खर्ड्याच्या माणसानं कुणाकडं बोभाटा करायचा?

परवानगी देताना घातलेल्या अटीही वाचण्यासारख्या आहेत. दुखापत छातीच्या सातव्या मणक्यापासून खाली हवी. हात आणि खांदे कुबड्या पेलतील असे हवेत. हाडं मजबूत हवीत, कारण वर्षानुवर्षं न चालल्यानं पायाची हाडं ठिसूळ होतात आणि यंत्रात मोडू शकतात. घासून जखम झाली तर माणसाला कळत नाही, म्हणून कातडी रोज तपासायला हवी. आणि शेवटची अट अशी की यंत्र वापरताना शेजारी शिकवून तयार केलेलं एक माणूस हवं. पाऊण कोटीचं यंत्र आणलं तरी शेजारी माणूस लागतंच. आपल्याकडं ते माणूस कोण असणार, हे मी तुम्हाला सांगायला नको.

मग दवाखान्यातल्या यंत्राचं काय? त्यानं तरी जादू होते का? अभ्यास झाले आहेत. २००६ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष मांडले. नुकत्याच जखमी झालेल्या, दोरीचे काही धागे शाबूत असलेल्या १४६ जणांचे दोन गट केले. एकाला चालत्या पट्ट्यावर वजन उचलून धरून सराव दिला, तिथं पाय फिजिओथेरपिस्ट हातांनी उचलत होते. दुसऱ्याला साध्या जमिनीवर तेवढाच सराव. बारा आठवडे. दोन्ही गट जवळजवळ सारखेच सुधारले. २०१२ मध्ये यंत्रमानव धरून सगळ्या पद्धतींच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यातही अमुक एक पद्धत दुसरीपेक्षा सरस आहे असं म्हणायला पुरेसा पुरावा मिळाला नाही.

याचा अर्थ यंत्र निरुपयोगी असा मुळीच नाही. चालण्याचा पुष्कळ सराव उपयोगी पडतो, आणि तो यंत्रानं न थकता करून घेता येतो. उभं राहिल्यानं, पावलं टाकल्यानं पायांचे झटके कमी होतात, पोट साफ व्हायला मदत होते, मनाला उभारी येते, असा अनेकांचा अनुभव आहे. वर्षानुवर्षं झोपून छत बघणाऱ्या माणसाला समोरच्याच्या डोळ्याला डोळा भिडवता येणं ही काही छोटी गोष्ट नाही. पण यंत्र मज्जारज्जू जोडत नाही. ज्याचे सगळे धागे तुटले, तो यंत्रात असेपर्यंत चालेल, उतरला की खुर्चीत येईल. हे स्पष्ट सांगणारा डॉक्टर भेटला तर त्याला कठोर समजू नका, त्यानं तुमचे पैसे वाचवले.

मग श्रीमंत देशांनी यंत्रं का आणली? एक मोठं कारण अगदी व्यवहाराचं आहे. अशा माणसाला चालत्या पट्ट्यावर चालवायचं तर दोन-तीन माणसं लागतात. एकानं कंबर धरायची, दोघांनी दोन पाय उचलून टाकायचे. अर्ध्या तासात त्यांच्या पाठी मोडतात. तिकडं हे हात महाग आहेत आणि त्यांच्या पाठीची काळजी घेणारे कायदे आहेत. म्हणून हातांच्या जागी मोटार आली. आपल्याकडं हेच काम घरातली बाई फुकटात करते, म्हणून तिच्या पाठीचा हिशोब कुठं लागत नाही. मला वाटतं, या सगळ्या विषयात आपण बायकांनी लक्ष द्यायची जागा इथंच आहे.

अशा घरातल्या बाईचा दिवस मी पाहिलेला आहे. पहाटे त्याची कूस बदलायची. दर दोन तासांनी पुन्हा बदलायची, रात्रीसुद्धा. लघवीची पिशवी रिकामी करायची. एक दिवसाआड पोट साफ करायचं, ते हातमोजे घालून. अंघोळ, कपडे, पायांचा व्यायाम. साठ-सत्तर किलोचं अंग पलंगावरून खुर्चीत एकटीनं ओढायचं. त्यातून शेतमजुरीला जायचं, पोरांच्या शाळेचं बघायचं. आणि वर सासूचं, शेजारणीचं ऐकायचं, ‘हिच्या पायगुणानं झालं.’ यातल्या एकीला मी विचारलं, तुला काय मिळालं तर बरं वाटेल? मला वाटलं मशीन म्हणेल. ती म्हणाली, “रातची सलग पाच तास झोप.”

ही कूस बदलण्याची गोष्ट साधी वाटते ना? पण मणक्याच्या उपचाराचा इतिहास तिनंच बदलला. दुसऱ्या महायुद्धापर्यंत मणका गेलेले सैनिक पाठीच्या जखमांनी आणि लघवीच्या जंतुसंसर्गानं मरत. १९४४ मध्ये इंग्लंडच्या स्टोक मँडव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन आले. त्यांनी दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलायची शिस्त लावली, लघवीच्या स्वच्छतेची शिस्त लावली, आणि माणसं जगायला लागली. मग ‘नुसतं जगून काय करायचं’ म्हणून त्यांनी १९४८ मध्ये चाकाच्या खुर्चीतल्यांसाठी तिरंदाजीची स्पर्धा भरवली. तिथूनच पुढं पॅरालिम्पिक जन्माला आलं.

त्या पॅरालिम्पिकमध्ये भारताला पहिलं वैयक्तिक सुवर्णपदक मिळवून दिलं ते आपल्या सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकरांनी. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचं कमरेखालचं अंग गेलं होतं. १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला ते पन्नास मीटर पोहले आणि जिंकले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०२४ मध्ये त्यांच्यावर हिंदी सिनेमाही आला. त्यांच्या पायांना कुठलं यंत्र नव्हतं. पण लष्कराच्या दवाखान्यात त्यांची देखभाल झाली, त्यांना पाण्यात उतरवणारं कुणी होतं. मणका गेलेल्या जवानांसाठी पुण्यात खडकीला १९७४ पासून स्वतंत्र पुनर्वसन केंद्र आहे. जवानासाठी जे झालं ते योग्यच झालं. पण विहिरीत पडलेला मजूर, उसाच्या फडात पडलेला तोड्या, त्याच्यासाठी आमच्या तालुक्यात असं काय आहे?

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचं नाव तुमच्यापैकी पुष्कळ जणींनी ऐकलं असेल. सोळा-सतराव्या वर्षी मणक्याच्या दुखण्यानं त्यांचं कमरेखालचं अंग गेलं. त्यांनी नोकरी केली, १९८४ मध्ये कोल्हापूरला ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभारली, शेकडो अपंग मुलामुलींना शिकवून मिळवतं केलं. त्यांच्या आत्मकथेचं नाव ‘चाकाची खुर्ची’ आहे. मी हे पुस्तक बचत गटात फिरवते. कारण आमच्याकडं खुर्ची आली म्हणजे संपलं असं समजतात. नसीमाताईंचं आयुष्य खुर्ची आल्यावर उभं राहिलं.

आणि बायकांचा विषय निघालाच आहे तर बोलते. पुरुष पडला तर बायको त्याला सांभाळते. बाई पडली तर? माझ्या पाहण्यातल्या दोघीजणी माहेरी आणून सोडल्या गेल्या. ‘आता हिचा काय उपयोग’ हे शब्द मी कानांनी ऐकलेत. मणक्याची दुखापत झालेल्या बाईची पाळी काही महिने थांबली तरी बहुतेक वेळा पुन्हा सुरू होते. तिला मूल होऊ शकतं, फक्त गरोदरपणात डॉक्टरांची जास्त देखरेख लागते. हे ना तिला कुणी सांगतं, ना सासरच्यांना. यंत्रंसुद्धा पुरुषाच्या मापानं बनलेली. रीवॉकचं माप १६० सेंटिमीटर उंचीपासून पुढं सुरू होतं, म्हणजे सव्वापाच फूट. आमच्याकडच्या किती बाया सव्वापाच फूट भरतात, मोजून बघा.

मग मागायचं काय? मी म्हणेन, दोन्ही मागा, पण क्रम लावून मागा. यंत्र हे दागिना मोडून घरी आणायची वस्तू नाही, ती सरकारी दवाखान्यात असायची वस्तू आहे. हे होत नाही असं कुणी म्हणू नये. केरळ सरकारनं तिरुवनंतपुरमच्या सरकारी जनरल हॉस्पिटलमध्ये असं चालण्याचा सराव देणारं यंत्र बसवलं आहे, तेही केरळातल्याच जेनरोबोटिक्स या कंपनीनं बनवलेलं. याच तरुणांनी आधी गटारीच्या मॅनहोलमध्ये माणसाला उतरावं लागू नये म्हणून यंत्र बनवलं होतं. आपल्याकडं मुंबई-पुण्याच्या काही मोठ्या खासगी रुग्णालयांत अशी यंत्रं आहेत. ती सरकारी रुग्णालयातही यावीत, ज्याचे धागे शिल्लक आहेत त्याला पहिल्या सहा महिन्यांत तिथं सराव मिळावा, आणि सोबत राहणाऱ्या बाईची राहण्या-जेवण्याची सोय व्हावी. नगरला जायचं म्हणजे खर्ड्याहून जवळपास शंभर किलोमीटर. रोज कोण नेणार?

पण त्याच्या आधी, यंत्राच्या कितीतरी आधी, साध्या वस्तू याव्यात. जखमा होऊ न देणारी हवेची गादी. मापाची खुर्ची आणि तिच्यावरची चांगली उशी. स्वच्छ नळ्या. घराच्या उंबऱ्याला उतार. खुर्ची आत जाईल असा संडासाचा दरवाजा. गावोगाव संडास झाले, पण त्यांच्या दारातून खुर्ची जात नाही. मद्रासच्या आयआयटीनं २०१९ मध्ये ‘अराइज’ नावाची, बसणाऱ्याला उभं करणारी खुर्ची आणली, किंमत साधारण पंधरा हजार. चालता येत नाही, पण उभं राहता येतं. पाऊण कोटी आणि पंधरा हजार यांच्यामध्ये किती माणसं उभी राहतील, हे गणित आपल्याला जमतं.

आणि वस्तूंच्याही आधी, शिकलेले हात. हे सांगायचा हक्क आमच्या जामखेड तालुक्याला आहे. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे इथं आले. त्यांनी गावातल्या, अक्षरओळखही नसलेल्या बायांना आरोग्याचं शिक्षण दिलं. त्या बायांनी बाळंतपणं केली, कुपोषित पोरं जगवली, आणि ते बघायला देशोदेशीचे डॉक्टर जामखेडला आले. मग याच तालुक्यातल्या बायांना कूस कशी बदलायची, जखम सुरू होताना लाल डाग कसा ओळखायचा, नळी स्वच्छ कशी घालायची, गुडघे आखडू नयेत म्हणून व्यायाम कसा द्यायचा, हे शिकवता येणार नाही? येईल. फक्त हे काम फुकट नको. आशाताईच्या डोक्यावर आणखी एक बोजा म्हणूनही नको. शिक्षण द्या, मानधन द्या, महिन्यातून दोनदा फिजिओथेरपिस्ट तालुक्याहून गावात पाठवा. दोन गावांत मिळून अशी एक बाई असली तरी घरातल्या बाईला पाच तास झोप मिळेल.

जे आज मिळतं ते तरी घ्या. मोठ्या ऑपरेशनसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आपलं कार्ड चालतं का, हे भरती होतानाच विचारा. दिव्यांगत्वाचं यूडीआयडी कार्ड काढा. त्याच्याशिवाय पुढचं काही हलत नाही. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांचं अनुदान २०२५ मध्ये दरमहा दीड हजारावरून अडीच हजार झालं आहे. शेतकरी कुटुंबातल्या माणसाला अपघात झाला असेल तर गोपीनाथ मुंडे अपघात अनुदान योजनेत, दोन अवयव निकामी झाल्यास दोन लाख रुपये मिळतात. अर्ज तालुका कृषी कार्यालयात, आणि दिवस न घालवता. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. हे पैसे कशावर गेले, हे विचारायला सरपंचबाईंची परवानगी लागत नाही.

आणि उद्या कुणी यंत्राची जाहिरात घेऊन आला, ‘तीस बैठकांत चालवून दाखवतो’ म्हणाला, तर पैसे देण्याआधी चार प्रश्न विचारा. याची श्रेणी कोणती, ए की बी, सी, डी? मार लागून किती दिवस झाले, आणि आता कितपत फरक पडेल हे लिहून द्याल का? हाडं, कातडी तपासली का? आणि बैठका संपल्यावर घरी रोज काय करायचं, ते आम्हाला शिकवाल का? चौथ्या प्रश्नाला जो उत्तर देतो, त्याच्याकडं यंत्र नसलं तरी जा. जो नुसता व्हिडिओ दाखवतो, त्याला चहा पाजून वाटेला लावा.

एक शेवटचं, पण खरं तर पहिलं. माणूस उंचावरून पडला आणि पाय हलत नाहीत म्हणाला, तर त्याला उठवून बसवू नका, मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये घालून नेऊ नका. शाबूत राहिलेले धागे या घाईत तुटू शकतात. १०८ ला फोन करा. तोवर मान आणि पाठ हलू देऊ नका. उचलायची वेळच आली तर तीन-चार जणांनी डोकं, पाठ, पाय एका रेषेत धरून सपाट फळीवर घ्या. यंत्राचा उपयोग ज्याला होतो तो शिल्लक धाग्यांवर होतो, आणि ते धागे पहिल्या तासात गावातल्या माणसांच्या हातात असतात.

पुढच्या ग्रामसभेला आम्ही बचत गटाच्या बाया तीन मागण्या लेखी देणार आहोत. विहिरीच्या कामावर उतरणाऱ्याला कमरेचा पट्टा आणि डोक्याला हेल्मेट, ते असल्याशिवाय यारी सुरू नाही. पाच टक्क्यांतून दोन हवेच्या गाद्या आणि एक फळीचं स्ट्रेचर, ग्रामपंचायतीत ठेवलेलं. आणि कूस बदलायला, नळी सांभाळायला शिकलेली एक बाई, मानधनावर. तुमच्या गावात या यादीत काय घालायचं, ते अशा घरातल्या बाईलाच जाऊन विचारा. आणि विचारायला जाल तेव्हा तासभर तिच्या जागी बसा, म्हणजे तिला उत्तर द्यायला उसंत मिळेल.